ऐकायला गेले, ओरडा खाऊन आले

ज्यांचं बोलणं कानाला लावून कठीण दिवस काढले, त्यांनाच समोर बसून ऐकलं आणि मन खट्टू झालं. असा अनुभव तुमच्यापैकीही कुणाला आला असेल. अशा वेळी चुकलं कुणाचं, वक्त्याचं की आपलं? आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

मैत्रिणींनो, घर सोडून तीन तास बाहेर जायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते मी तुम्हांला सांगायला नको. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला तो रविवार. दुपारीच कणीक मळून ठेवली, आमटी करून झाकली, कुकरची भांडी लावली. सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढल्या आणि कुठली चहाआधी, कुठली जेवणानंतर, ते ह्यांना दोनदा समजावून सांगितलं. "जा गं तू निवांत," असं हे म्हणाले खरे. पण मी चपला घालीपर्यंत रिमोट कुठे आहे, आईंचा चष्मा कुठे आहे आणि पांढरी गोळी आधी की गुलाबी, असे तीन प्रश्न विचारून झाले होते!

मी निघाले होते एका व्याख्यानाला. वक्त्याचं नाव सांगत नाही. नावाशी आपल्याला काही करायचं नाही, आणि अशी नावं आता गावोगाव झाली आहेत. अध्यात्म, सकारात्मक विचार, यशाचा मंत्र, सुखी संसार असं सगळं एकाच पातेल्यात शिजवून वाढणारे हे गृहस्थ आमच्या गावच्या नाट्यगृहात येणार होते. तिकीट पाचशे रुपये. मी दोन तिकिटं काढली, एक माझं आणि एक आमच्या शेजारच्या वहिनींचं. एरवी हजार रुपये असे सहजी माझ्या हातून सुटत नाहीत. पण या माणसाचं माझ्यावर ऋण होतं.

ते कसं, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढचे पाच महिने त्या अंथरुणालाच होत्या. दिवस कसाबसा जायचा. रात्र मात्र खायला उठायची. अशाच एका रात्री भाचीनं मोबाइलवर पाठवलेलं या गृहस्थांचं आठ मिनिटांचं बोलणं मी कानाला लावून ऐकलं. आवाज मऊ, कुठे घाई नाही, उपदेशाचा आव नाही. ते म्हणत होते, सगळ्या जन्माचं पाणी एका दिवसात भरायला जाऊ नका. आजची बादली आज भरा, उद्या पुन्हा नळ येणार आहे. नळाच्या वेळा सांभाळण्यात जिचं निम्मं आयुष्य गेलं, तिला हे कळायला कितीसा वेळ लागणार? त्या रात्री मला झोप लागली. पुढे कितीतरी रात्री मी ते आठ मिनिटांचं बोलणं ऐकलं.

वहिनींना मी का नेलं, तेही सांगायला हवं. त्यांच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी तोंडाचा कॅन्सर झाला. मुंबईला टाटा रुग्णालयात उपचार झाले. त्या दिवसांत वहिनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या. आता ते घरी आहेत. मऊ भात, पेज असं खातात. ठरलेल्या तारखेला तपासणीला जातात. वहिनी कधी कुरकुरल्या नाहीत, पण त्यांचं बोलणं मात्र आटत गेलं. जिन्यात भेटल्या की नुसतं हसायच्या. म्हटलं, मला जसं बरं वाटलं, तसं यांनाही वाटेल. "चला हो वहिनी, दोन घटका मन रमेल," म्हणून मीच त्यांना आग्रहानं बाहेर काढलं.

नाट्यगृहात काय झालं

दाराशीच टेबलं मांडली होती. पुस्तकं, उदबत्त्या, माळा, शिबिराचे अर्ज. आत शिरलो तर ढोलाच्या ठेक्यावर संगीत इतक्या मोठ्यानं चाललेलं, की शेजारी बसलेल्या वहिनी काय म्हणाल्या तेही मला ऐकू येईना. पाऊण तास पडद्यावर वक्त्यांचीच चित्रफीत. परदेशातले दौरे, हारतुरे, रडून रडून गळ्यात पडणारे लोक. मग दिवे मालवले, एक झोत रंगमंचावर पडला आणि ते आले.

तो माझ्या कानातला मऊ आवाज कुठे होता, कोण जाणे! "शेजारणीकडे बघा आणि म्हणा, मी बदलणार!" आम्ही म्हटलं. "आवाज येत नाही! घरी नवऱ्यावर ओरडताना बरा येतो!" बायका हसल्या; मीही हसले. "हात वर करा, सुखी किती जणी आहेत?" थोडे हात वर झाले. "म्हणजे बाकीच्या रडक्या!" पुन्हा हशा. असं तासभर चाललं. एखादा विचार सुरू होऊन शेवटाला गेला असं झालं नाही. मधूनच विमानातली गोष्ट, मधूनच मोठ्या माणसाशी झालेली भेट, मधूनच टाळ्यांची मागणी. मी आपली वाट पाहतेय, आता तो बादलीवाला माणूस बोलेल, आता बोलेल.

मग आजारपणाचा विषय निघाला. घरात रोग कुठून येतो? तर म्हणे, बाईच्या मनातून येतो. घरची लक्ष्मी कुढत असली की रोगाला दार उघडं. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात वक्त्यांचं बोट आमच्याच रांगेकडे वळलं. "त्या ताई, निळ्या साडीतल्या. चेहराच सांगतोय. उठा. घरात आजार आहे ना?"

माइक घेऊन एक मुलगा धावत आला. वहिनी उभ्या राहिल्या. पदर सावरत कसंबसं म्हणाल्या, "ह्यांना कॅन्सर झाला होता."

"आणि त्याच्या आधी किती वर्षं तुम्ही कुढत होतात?"

सभागृह चिडीचूप. मागे बासरी वाजायला लागली. वहिनींनी उत्तर दिलं नाही. वक्ते म्हणाले, "बघा, उत्तर नाही. स्वतःला बदला ताई, घर आपोआप बरं होईल." टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वहिनी खाली बसल्या.

पुढचा तास मी काही ऐकलं नाही. शेवटी तीन दिवसांच्या शिबिराची घोषणा झाली. फी साडेसात हजार, पण आत्ताच्या आत्ता भरले तर पाच हजार.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ वहिनी बाहेर बघत होत्या. पाऊस लागला होता. घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "मी खरंच कुढत होते का हो? तुम्ही शेजारी आहात, तुम्हांला दिसलं असेल."

मैत्रिणींनो, हजार रुपये गेल्याचं मला काही वाटलं नाही. पण या प्रश्नानं मला रात्रभर झोप आली नाही.

निराशा दोन प्रकारची

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की, माझी निराशा एक नव्हती, दोन होत्या.

पहिली साधी होती. मोबाइलवरची ती आठ मिनिटं तीन तासांतून निवडून काढलेली असतात. दुकानदार आंब्याची फोड चाखायला देतो ती काही पेटीतल्या तळच्या आंब्याची नसते. शिवाय कानाला लावून ऐकताना बोलणारा एक, ऐकणारी एक. नको वाटलं तर बंद करता येतं, पुन्हा ऐकावंसं वाटलं तर मागे नेता येतं. आठशे माणसांपुढे तो माणूस आणि तो आवाज राहत नाही. एखाद्या लेखकाची कथा आवडावी आणि समोर भेटल्यावर तो रुक्ष निघावा, तसंच हे. याबद्दल फार तर खट्टू व्हावं आणि विसरून जावं.

दुसरी निराशा मात्र विसरण्यासारखी नाही. आधार मागायला गेलेल्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, याला बोलण्याची शैली म्हणून सोडून देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? व्याख्यान ते व्याख्यान! पण जरा आठवून बघा, व्याख्यान ऐकायला जाण्याचा हक्क आपल्या आज्या-पणज्यांना फुकट मिळालेला नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला माधवराव रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली सुरू झाली. त्याच रानड्यांच्या घरी काय घडलं, ते रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, बायका सभांना जाऊ लागल्या. रमाबाई रानडे जाऊन आल्या की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागत. पतीचा पाठिंबा होता, तरीही! इतकं सोसून ज्यांनी आपल्यासाठी सभागृहाचं दार उघडलं, त्या दारातून आत जाऊन आपण पुन्हा बोलणीच खायची, तीही तिकीट काढून?

आपल्याकडचे बोलणारे

उपदेश करणारी माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. उलट त्यांनीच आपल्या हातात माप दिलं आहे. तेच लावून बघू या.

ज्ञानेश्वरी घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितलेली. एवढा मोठा ग्रंथ सांगणारा माणूस श्रोत्यांशी कसा बोलतो? पुनःपुन्हा त्यांच्याकडे अवधान मागतो. माझं बोलणं लेकराच्या बोबड्या बोलासारखं गोड मानून घ्या, असं विनवतो. आणि बोलण्याच्या भरात विषय सोडून लांब गेला, की निवृत्तिनाथ त्याला थांबवतात, ते सुद्धा त्यानं ग्रंथात ठेवलं आहे. वक्त्याला थांबवणारं कुणीतरी समोर बसलेलं असे! आमच्या नाट्यगृहात असं कोण होतं?

तुकोबांचं माप तर फारच कडक. कीर्तन करावं तिथे जेवूसुद्धा नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, पैशाचं तर नावच नको, अशा अर्थाचा त्यांचा अभंग आहे. आजच्या काळात सभागृहाचं भाडं, दिवे, माणसांचे पगार, सगळं लागतं, हे मला कळतं. तिकिटाला माझी ना नाही. पण ऐकणाऱ्याला आधी घाबरवायचं आणि मग शिबिराचा अर्ज पुढे करायचा, हे तुकोबांच्या मापात कुठेच बसत नाही.

विनोबांची गोष्ट आपल्या जास्त जवळची. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं. सोपी मराठी गीता तूच का करीत नाहीस, असं तिनं मुलाला विचारलं होतं. ती १९१८ साली गेली. 'गीताई' पुरी झाली १९३१ मध्ये. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर कैदी. ढोल नाही, पडदा नाही. साने गुरुजी खाली बसून उतरवून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहेत. उघडून बघा, विषय गीतेचा आणि दाखले आईचे, घरातले, शेतातले. आपल्या न शिकलेल्या आईला कळेल असं बोलायचं ज्यानं मनाशी धरलं, तो ऐकणाऱ्याला कमी लेखणार कसा?

रागावणं वेगळं, दोष देणं वेगळं

आता कुणी म्हणेल, गाडगे महाराज काय कमी रागवायचे? खरं आहे. ते चांगलेच रागवायचे. पाया पडायला येणाऱ्याला तर ते जवळ येऊ देत नसत. मग त्यांचं रागावणं लोकांना का बोचलं नाही?

याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, पहिली गोष्ट अशी की गावात आल्यावर बाबा आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दुसरं, ते प्रश्न विचारायचे, पण साऱ्या गावाला, आणि उत्तर ज्याचं त्याला सापडावं म्हणून. एकट्यादुकट्याला उभं करून त्याची लाज काढण्यासाठी ते प्रश्न नसत. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं. ते ज्यावर रागवायचे ते माणसाच्या हातातलं असायचं. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, घाण करू नका. उद्या सकाळी उठून सुधारता येईल असंच. कुणाच्या घरचं मरण, आजारपण, वांझपण त्यांनी त्या माणसाच्या पदरात पाप म्हणून टाकलं नाही.

आई मुलाला रागावते, "पावसात भिजू नको." पण ताप चढल्यावर उशाशी बसून "तुझ्याच मनात पाप होतं म्हणून ताप आला," असं म्हणते का? एवढाच फरक.

आणि योगायोग बघा. बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत, टाटा रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आजही आसरा मिळतो. वहिनींनी ते कठीण दिवस तिथेच काढले. तिथे त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही किती वर्षं कुढत होतात म्हणून. अंथरूण दिलं, पाणी कुठे, जेवण कुठे, ते सांगितलं.

कुढण्यानं कॅन्सर होतो का?

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. म्हणून मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तोंडाच्या कॅन्सरचं आपल्याकडचं मोठं कारण कुठलं, ते तंबाखूच्या पुडीवर चित्र काढून छापलेलं असतं. त्यात बायकोचं मन कुठे आलं?" वहिनींचे यजमान पंचवीस वर्षं तंबाखू खात होते. वहिनींनी पुड्या लपवून ठेवल्या, भांडणं केली, शपथा घातल्या. तेवढंच काय ते त्यांचं 'कुढणं'.

बरं, ज्याला आजार झाला त्याच्या स्वतःच्या मनाचं काय? अमेरिकेत डोकं आणि मान या भागांतल्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मन आनंदी असणारे जास्त जगतात का, हे त्यात पाहिलं होतं. मनःस्थितीचा आणि आयुष्य किती लाभलं याचा संबंध आढळला नाही. याचा अर्थ मन प्रसन्न ठेवू नये असा नाही. प्रसन्न मनानं दिवस बरा जातो, जेवण जातं, पथ्य पाळलं जातं, घरातल्यांचा जीव हलका होतो. पण एखाद्या दिवशी रडू आलं, तर त्या रडण्यानं रोग वाढला असा धसका घेऊ नये. रुग्णानंही घेऊ नये आणि त्याच्या बायकोनं तर मुळीच नाही.

मग आपण टाळ्या का वाजवतो?

हे मला स्वतःलाच विचारावं लागलं, कारण सुरुवातीच्या विनोदांना मीही हसले होते. 'रडक्या' म्हटल्यावरही हसले.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली अमेरिकेत एक प्रयोग केला. काही रेघा दाखवायच्या आणि दिलेल्या रेघेएवढी कुठली ते सांगायचं. पोरालाही जमेल असं काम. पण आधी बसलेल्या सगळ्यांनी, संगनमतानं, धडधडीत चूक उत्तर दिलं की शेवटी ज्याची पाळी येई तो गोंधळून जाई. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळून चूक उत्तर दिलं. डोळ्यांसमोरच्या रेघेची ही कथा. मग आठशे माणसं टाळ्या वाजवीत असताना 'हे बरोबर नाही' असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही, यात नवल काय? त्याच प्रयोगात असंही दिसलं की, खरं उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी माणसाला पुष्कळ धीर येतो. त्या दिवशी वहिनींना असा एक सोबती हवा होता. मी शेजारी होते आणि गप्प बसले. ते मला अजून लागून राहिलं आहे.

जाण्यापूर्वी एवढं करा

ठेच लागली तेव्हा मी शहाणी झाले. तुम्हांला तरी लागू नये, म्हणून हे चार शब्द:

१. तुकडे ऐकून तिकीट काढू नका. त्या वक्त्याचं एखादं पूर्ण व्याख्यान आधी घरी ऐका. भाजी चिरता चिरता ऐकलंत तरी चालेल. विचार शेवटाला जातो का, की नुसत्याच टाळ्या मागितल्या जातात, ते लगेच कळतं.

२. श्रोत्यांना प्रश्न विचारता येतात का, ते आयोजकांना फोन करून विचारा. ज्याला प्रश्न चालत नाहीत, तिथे आपली अडचण घेऊन जाण्यात अर्थ नाही.

३. जिचं दुःख ताजं आहे तिला मोठ्या सभेला नेऊ नका. तिच्या घरी जा, चहा करा, तिचं ऐका. नेलंतच तर कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे उठून येता येतं.

४. कुणी उभं राहायला सांगितलं तर बसल्या जागेवरून "मला बोलायचं नाही" असं म्हणायचं. यात उद्धटपणा नाही. शेजारणीला उभं केलं तर तिच्या वतीनं आपण म्हणायचं.

५. अर्ज आणि पैसे सभागृहात भरू नका. 'आत्ता भराल तर सवलत' हे साडीच्या दुकानातलं वाक्य आहे. कागद घरी आणा, एक रात्र जाऊ द्या.

६. व्याख्यात्याच्या सांगण्यावरून कुणाचं औषध बंद करू नका. मंत्रानं, गंड्यानं किंवा ताइतानं कॅन्सर किंवा मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही ठाऊक असू द्या.

७. मनावरचं ओझं उतरतच नसेल, झोप उडाली असेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ वर फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं.

आणि वहिनी?

दुसऱ्याच दिवशी मी आयोजकांना पत्र लिहिलं. शिव्याशाप नाहीत, फक्त काय झालं ते, आणि एक विनंती: श्रोत्याला विचारल्यावाचून कुणाला उभं करू नका. उत्तर आलं नाही. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं झालं विचारून आलात," एवढंच म्हणाल्या आणि गॅसवरचं दूध उतरवायला गेल्या.

त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या महिला मंडळानं हळदीकुंकवाला वाणाबरोबर एक छोटा कार्यक्रम ठेवला. मंगल कार्यालय नाही, माइक नाही. आमच्याच इमारतीच्या गच्चीवर सतरंज्या घातल्या. डॉक्टरीणबाई तोंडाच्या कॅन्सरवर वीस मिनिटं बोलल्या आणि उरलेला तास बायकांनी प्रश्न विचारले. मिश्रीचं काय, दाढ दुखते त्याचं काय, तोंडातला पांढरा डाग किती दिवस बघावा. मग कुणीतरी विचारलं, "मुंबईला न्यायचं झालं तर राहायचं कुठे हो?"

डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "ते मी सांगते."

वहिनी उभ्या राहिल्या होत्या. या वेळी त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं. दादरला उतरल्यावर कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, धर्मशाळेत कुठले कागद लागतात, रुग्णालयाच्या फाइलच्या दोन प्रती का काढून ठेवायच्या, पेज गरम ठेवायला कसला डबा बरा पडतो, सगळं त्यांनी नीट सांगितलं. दहा मिनिटं तरी बोलल्या असतील. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दोघी-तिघींनी पर्समधून कागद काढून लिहून घेतलं.

बादलीचं ते वाक्य मात्र मी टाकून दिलेलं नाही. ज्यानं सांगितलं तो माणूस आता मला ऐकवत नाही. पण वाक्य खरं होतं, आणि ते माझ्या उपयोगी पडलं. सासूबाई आता काठी घेऊन गच्चीपर्यंत येतात. त्या दिवशी सगळ्यांना तिळगूळ त्यांनीच दिला.

तुमच्या गावात असा काही अनुभव तुम्हांला आला आहे का? कुणाच्या बोलण्यानं खरोखर धीर आला, आणि कुणाच्या बोलण्यानं होता तोही गेला? जरूर लिहून कळवा.